ध्वनींचे दफ्तर

वसईच्या इतिहासाची साधने कोणती असे विचारले असता दगड आणि कागद ही दोन नावे तत्काळ ओठांवर येतात. किल्ल्यातील पडक्या चर्चांच्या फरशीवर पोर्तुगीज थडग्यांचे कोरीव लेख आहेत; ज्यास ती लिपी व भाषा अवगत आहे त्याने वाटेल त्या दिवशी जावे आणि ते वाचावेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात चिमाजी आप्पांच्या मोहिमेची पत्रे आहेत. त्यांतील पुष्कळशी छापली गेल्यामुळे आता घरबसल्या वाचता येतात. या दोहोंखेरीज तिसरे एक साधन आहे व ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १७३९ च्या मे महिन्यात किल्ला मराठ्यांच्या हाती आला, त्यानंतर त्या मुलुखातील चर्चच्या घंटा देशावर गेल्या आणि देवळांतून टांगल्या गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, वाईजवळील मेणवलीचा घाट आणि भीमाशंकर या स्थळी आजही दिसणाऱ्या घंटा त्याच होत, असे मानतात. अठराव्या शतकातील वसईचा कोणता आवाज आज आपल्या कानी पडू शकतो, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास ते या घंटांपाशीच येऊन थांबते. ज्यांनी तेथे प्रार्थना म्हटल्या, हुकूम दिले, भाजी विकली किंवा मुले निजविली, त्यांच्या कंठातील एक अक्षरही उरलेले नाही.

मनुष्याचा आवाज साठवून ठेवण्याची विद्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगाला साधली. विसाव्या शतकात नभोवाणी आली आणि एका कंठातून निघालेला शब्द एकाच क्षणी सहस्रावधी घरांत जाऊ लागला. तेव्हा निदान या शतकाचा तरी आवाज पुढील पिढ्यांस अखंड मिळेल, अशी अपेक्षा करणे गैर नव्हते. ती कितपत पुरी झाली, जे साठविले गेले त्यातील किती ऐकावयास खुले आहे, आणि सांप्रत महाजालावरून हव्या त्या वेळी हवा तो कार्यक्रम ऐकण्याची जी सोय होऊ घातली आहे तिचा इतिहासाच्या दृष्टीने अर्थ काय, याचा विचार वसईसारख्या एका जागी उभे राहून करावयाचा आहे.

वसईच निवडण्याचे कारण केवळ घंटा नव्हेत. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. त्या केंद्राच्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती आणि साध्या यंत्रावर त्याचा आवाज सुमारे तीस मैलांपर्यंत नीट ऐकू येई, असे त्या वेळचे मान होते. मुंबईच्या कोटापासून वसईचा किल्ला सरळ रेषेने अठ्ठावीस मैलांच्या आसपास आहे, आणि विरार त्याहून आठनऊ मैल पुढे. म्हणजे मुंबईच्या आवाजाचे पहिले वर्तुळ काढले तर त्याची कड याच तालुक्यातून जाते. किल्ल्यापाशी ज्यास शब्द कळावा त्याच्या विरारच्या सोयऱ्यास केवळ खरखर ऐकू यावी, अशी ती सीमा होती. अर्थात हे गणित झाले. प्रत्यक्षात यंत्र घेण्याची ऐपत असलेली घरेच विरळा. परवान्याची वार्षिक फी दहा रुपये होती आणि आरंभी साऱ्या देशात मिळून परवाने काही हजारांपलीकडे गेले नाहीत. त्या तुटपुंज्या उत्पन्नावर कंपनी तगली नाही. १ मार्च १९३० रोजी ती दिवाळ्यात निघाली. पुढे सरकारने तो कारभार स्वतःकडे घेतला आणि ८ जून १९३६ रोजी त्यास ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. त्याच १९३६ साली विजेची गाडी बोरिवलीहून विरारपर्यंत आली. मुंबईचा चाकरमान्या आणि मुंबईचा आवाज, दोघेही वसईच्या घरात नियमाने येऊ लागले ते याच सुमारास, असे म्हणण्यास हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात केंद्रांची संख्या वाढली. नागपूर १९४८ च्या जुलैत सुरू झाले, पुणे १९५३ च्या २ ऑक्टोबरला. विविध भारती १९५७ साली आली. ट्रान्झिस्टर स्वस्त झाला तसा वाडीवाडीत, होडीहोडीत रेडिओ वाजू लागला. खाडीवरच्या कोळ्यास वादळाची सूचना, शेतकऱ्यास पावसाचा अंदाज, गिरणीत राबणाऱ्यास ‘कामगार सभा’, गृहिणीस ‘वनिता मंडळ’, आणि सर्वांस ‘आपली आवड’ अशी दिवसाची घडी रेडिओने घालून दिली. ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकेतील टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत ही मंडळी म्हणजे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे केवळ आवाज होत; पण पुष्कळ घरांत त्यांना सख्ख्या नातलगांचा मान होता. ‘भावसरगम’मधून दर महिन्यास नवे गाणे घरी येई. या साऱ्याचा एकच नियम होता : जो वेळेवर हजर त्यास ते मिळे. सव्वाआठची गाडी धरणाऱ्याचा अर्धा कार्यक्रम दारातच राही, आणि जो राहिला तो गेलाच.

तो खरोखरच कुठे गेला? या प्रश्नाचे उत्तर खेदजनक आहे. पहिल्या काळात जवळजवळ सर्व प्रक्षेपण प्रत्यक्ष होत असे. गवई, नट अथवा वक्ता ध्वनिक्षेपकासमोर उभा राही, आणि त्याचा शब्द हवेत जाऊन विरे. मुद्रण करावयाचे तर तबकडी कापावी लागे. ते खर्चाचे, आणि त्या तबकड्या थोड्याच वेळा वाजविता येत. म्हणून १९२७ ते १९३६ या काळातील मुंबई केंद्राचा बोलका इतिहास आपणांस वर्तमानपत्रांत छापलेल्या कार्यक्रमपत्रिकांवरूनच लिहावा लागतो. त्याच काळातील नाट्यसंगीत व ख्यालगायन आज जे ऐकू येते ते ग्रामोफोन कंपन्यांच्या कृपेने, आणि तेही तीनसाडेतीन मिनिटांच्या मापात कापलेले. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या हौशी मंडळींनी त्या तबकड्या जपल्या नसत्या तर तेवढेही हाती लागते ना.

ही उपेक्षा आपल्याकडचीच होती असे नाही. लंडनमध्ये बीबीसीच्या कचेरीत १९३६ साली मारी स्लोकोंब नावाची एक तरुणी हंगामी कारकून म्हणून आली. साचलेल्या तबकड्यांचा ढीग आवरून नको त्यांची वासलात लावण्याचे काम तिच्याकडे आले. त्या ढिगात बर्नार्ड शॉ यांच्यासारख्यांचे आवाज आहेत असे पाहून तिने त्या टाकण्याचे नाकारले आणि त्यांचा संग्रह मांडला. बीबीसीच्या विख्यात ध्वनिसंग्रहाचा उगम हा असा, एका कनिष्ठ नोकराच्या विवेकात आहे. तेथेही पुढे पुष्कळ फिती पुसल्या गेल्या, आणि २००१ साली त्या संस्थेस श्रोत्यांपुढे हात पसरून, आपल्या घरी कोणी आमचे जुने कार्यक्रम टिपून ठेवले असल्यास ते द्यावेत, अशी जाहीर विनंती करावी लागली.

चुंबकीय फीत आली तेव्हा साठविणे सोपे झाले, परंतु पुसणेही तितकेच सोपे झाले. तबकडी एकदा कापली की कापली. फितीवर मात्र पुनःपुन्हा नवे मुद्रण करता येते. फीत महाग आणि जागा अपुरी, तेव्हा काल वाजलेला कार्यक्रम पुसून त्याच फितीवर उद्याचा भरणे ही जगभरच्या नभोवाणीकेंद्रांची रीत झाली. ते करणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या दृष्टीने ते तेलाचा डबा घासून पुन्हा भरण्यासारखेच होते. आजचा कार्यक्रम उद्या इतिहास होईल हे ज्यास ओळखता येते असा कारभारी विरळाच. आपल्याकडे १९५४ साली आकाशवाणीत मुद्रणे जतन करण्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला. गांधीजींची अखेरच्या महिन्यांतील प्रार्थनाप्रवचने, पुढाऱ्यांची भाषणे, थोर गवयांच्या मैफली यांचा मोठा साठा त्यामुळे वाचला. सामान्य कार्यक्रमांच्या वाट्यास मात्र ते भाग्य फारसे आले नाही. आणि ज्यास आज आपण समाजाचा इतिहास म्हणतो तो बहुतांशी सामान्य कार्यक्रमांतच असतो.

जो आवाज साठविला गेला नाही त्याची दशा काय होते याचे एक विलक्षण उदाहरण मुंबईतच घडले. ‘चले जाव’ चळवळीत २७ ऑगस्ट १९४२ पासून उषा मेहता व त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. जागा सारखी बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी धाड घातली आणि तो आवाज बंद पडला. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या प्रक्षेपणांत काय सांगितले गेले हे आज आपणांस बरेचसे ठाऊक आहे. परंतु ते कोणामुळे? सरकारचे जे लोक ते केंद्र पकडण्यासाठी कान देऊन बसले होते, त्यांनी ऐकलेले शब्द रोजच्या रोज लिहून ठेवले. त्या टिपणांच्या आधारे उषा ठक्कर यांनी २०२१ साली काँग्रेस रेडिओवर ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे स्वातंत्र्याच्या वाणीचे दफ्तर तिच्या वैऱ्यांनी राखले. शब्द उरले, पण कंठ गेला. त्या तरुण मुलीचा स्वर कापत होता की ठाम होता हे कागद सांगत नाही. त्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, गांधीजी दिल्लीच्या नभोवाणीगृहात गेले आणि कुरुक्षेत्रावरील निर्वासितांस उद्देशून बोलले. दोन्ही घटनांची तिथी एक, पण दुसरीचा आवाज आहे आणि पहिलीचा नाही. इतिहासकारास यातील भेद निराळा सांगावयास नको.

आता साठविण्याकडून खुले करण्याकडे वळू. महाराष्ट्रास या बाबतीत स्वतःचा एक बोधप्रद अनुभव आहे. १८१८ नंतर पेशव्यांची कागदपत्रे इंग्रज सरकारच्या ताब्यात गेली. हजारो रुमालांत बांधलेले ते दफ्तर पुण्यात सुरक्षित होते, यात शंका नाही. परंतु इनामांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यास ते उघडे असे, आणि इतिहास लिहू पाहणाऱ्या विद्वानास मात्र दारावर थबकावे लागे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी म्हणूनच वेगळी वाट धरली. माळ्यावर पडलेली, वाळवी लागलेली, वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यास निघालेली पत्रे त्यांनी घरोघर हिंडून मिळविली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने बावीस खंड काढले. पुढे सरकारचे मन वळले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० च्या आगेमागे पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले. त्यांतील एक भाग केवळ वसईच्या मोहिमेचा आहे. तो निघेपर्यंत वसईच्या वेढ्याची कथा बहुतेकांनी बखरींतून आणि पोर्तुगीज हकीकतींतून वाचली होती. तो निघाल्यावर दारूगोळ्याचा तुटवडा, शिपायांचे पगार, सुरुंगांचे यशापयश, जखमींची व्यवस्था हे सर्व दिसू लागले. कागद तेच होते, शंभर वर्षे तेथेच होते. दार उघडल्यामुळे इतिहास बदलला.

आकाशवाणीचे दफ्तर आज नेमके या मधल्या अवस्थेत आहे, असे आम्हांस वाटते. या शतकाच्या आरंभापासून जुन्या फितींचे अंकीय रूपांतर चालू आहे. ते काम दिसते तितके सोपे नाही. बाराशे फुटांची फीत सेकंदास साडेसात इंच या वेगाने सुमारे बत्तीस मिनिटे चालते, आणि तिचे रूपांतर करण्यास तितकीच मिनिटे लागतात. ग्रंथाची पाने भराभर उलटून छायाचित्रे घ्यावीत तसे येथे करता येत नाही. तासाच्या मुद्रणास तास हवा, आणि त्या तासभर ऐकणारा जाणता कान हवा. जुन्या ॲसिटेटच्या फिती कुजताना त्यांस शिरक्यासारखा आंबूस वास येऊ लागतो. पुढच्या काळातील काही फितींचा लेप दमट हवेने चिकट होतो, आणि तशी फीत वाजविण्यापूर्वी पन्नास अंशांच्या आसपास मंद उष्णतेवर काही तास शेकावी लागते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात जिथे पापडही चार दिवस कुरकुरीत राहत नाहीत तिथे फितींचे काय होत असेल, हे गृहिणींस सांगावयास नको. याउलट रूपांतर एकदा झाले की त्याचे आकारमान भय वाटण्याजोगे नाही. उत्तम प्रतीच्या एका तासास सुमारे एक गिगाबाइट जागा लागते, द्विमार्गी असल्यास दुप्पट. आणि केवळ ऐकण्यापुरती लहान प्रत तीस मेगाबाइटांत बसते. एका हातातील दूरध्वनीत आज शेकडो तासांची नभोवाणी मावेल. अडचण आता जागेची उरलेली नाही.

काही दारे उघडलीही आहेत. २०१६ च्या प्रजासत्ताकदिनी आकाशवाणीने ‘रागम्’ ही अभिजात संगीताची अखंड वाहिनी सुरू केली, तिच्यावर संग्रहातील गायनवादन ऐकू येते. प्रसारभारतीने आपल्या संग्रहातील निवडक मुद्रणे महाजालावर ठेवली आहेत, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात ‘वेव्हज्’ नावाचे व्यासपीठ काढून त्यावर जुन्यानव्याची सोय केली आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तरीही सरदेसायांच्या पंचेचाळीस भागांप्रमाणे हे सारे ‘निवडक’ आहे. निवड करणारा सहसा नामवंतांकडे पाहतो. भीमसेन जोशींची मैफल वर येते. ‘वनिता मंडळा’त लोणच्याची कृती सांगणारी बाई खालीच राहते. पुढील शतकाचा संशोधक मात्र, १९६० साली मराठी मध्यमवर्गातील स्त्रिया एकमेकींशी कोणत्या शब्दांत बोलत, हे पाहण्यासाठी कदाचित त्या बाईचाच शोध करील.

फ्रान्सने या बाबतीत जे केले ते अनुकरणीय आहे. १९९२ सालच्या कायद्याने तेथे नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणांची प्रत राष्ट्रीय संस्थेत ठेवणे आवश्यक झाले, आणि २००६ च्या एप्रिलात त्या संस्थेने आपल्या संग्रहाचा मोठा भाग महाजालावर सर्वसामान्यांस खुला केला. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे व मुंबईसह आणखी तीन ग्रंथालयांकडे जाते. गल्लीतल्या छापखान्यात निघालेल्या बत्तीस पानी पुस्तिकेस जो आश्रय आहे तो लाखो लोकांनी ऐकलेल्या श्रुतिकेस नाही. उलट, सामुदायिक नभोवाणीकेंद्रांसाठी सरकारने घालून दिलेल्या नियमांत कार्यक्रम तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन आहे. ते तक्रारींच्या चौकशीसाठी आहे. चौथ्या महिन्यात तो आवाज पुसला तरी कोणी विचारणार नाही.

येथे कायद्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण खुले न करण्याचे कारण नेहमीच आळस हे नसते. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याप्रमाणे नभोवाणीसंस्थेचा स्वतःच्या प्रक्षेपणावरील हक्क पंचवीस वर्षांत संपतो. परंतु त्यात गायिलेल्या गीताचा हक्क सामान्यतः कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. उदाहरणार्थ ‘गीतरामायण’ घ्या. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावरून वर्षभर त्याची छप्पन्न गीते प्रक्षेपित झाली. ग. दि. माडगूळकर १९७७ साली निवर्तले आणि सुधीर फडके २००२ साली. तेव्हा सामान्य नियमाने शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि स्वररचनेचा २०६२ अखेरपर्यंत चालेल. त्या मूळ प्रक्षेपणात माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे असे अनेक कंठ होते. पुढे घरोघर पोहोचल्या त्या ध्वनिमुद्रिकांत फडके यांचा एकट्याचा. एकाच कृतीचे हे दोन इतिहास आहेत, आणि दोन्ही ऐकल्याखेरीज ती कृती समाजात कशी रुजली ते समजत नाही. कलावंतांचेही हक्क असतात. १९६५ सालच्या एखाद्या श्रुतिकेत दोन वाक्यांची भूमिका केलेल्या नटाचे वारस कोठे शोधावयाचे? मुंबईच्या उच्च न्यायालयाने २०१९ च्या एप्रिलात, नभोवाणीस गाणी वाजविण्यासाठी कायद्याने मिळणारा ठरावीक दराचा परवाना महाजालावर मागणीनुसार ऐकविण्यास लागू पडत नाही, असा निर्णय दिला, व २०२२ साली तो खंडपीठाने कायम केला. म्हणजे जे गाणे रेडिओने सकाळी हवेत सोडले तेच संध्याकाळी मागेल त्यास ऐकवावयाचे तर कायद्याच्या दृष्टीने तो वेगळा व्यवहार झाला. कवी, गायक आणि वादक यांना त्यांचे मोल मिळालेच पाहिजे. त्यांच्या हक्कावर पाय देऊन उघडलेले दार आम्हांस नको. पण ज्यांचा हक्कदार शोधूनही सापडत नाही अशा मुद्रणांसाठी काही न्याय्य वाट काढणे हे कायदेमंडळाचे काम आहे. ती वाट निघेपर्यंत भाषणे, मुलाखती, बातमीपत्रे, शेतीच्या व आरोग्याच्या चर्चा असे पुष्कळ साहित्य आहे, जिथे गाण्याचा गुंता नाही. तेथून प्रारंभ करण्यास कोणती हरकत आहे?

दार उघडले तरी आत दिवा पाहिजे. कागदावर नजर फिरवून तो कामाचा आहे की नाही हे क्षणात ठरविता येते. ध्वनीवर कान ‘फिरविता’ येत नाही. तासाभराच्या फितीत वसईचा उल्लेख चाळिसाव्या मिनिटास असेल तर ते सांगणारी यादी हवी. वक्ता कोण, दिनांक कोणता, विषय काय, बोली कोणती, मुद्रण केंद्रात झाले की गावात, हे नोंदलेले नसेल तर दहा हजार तासांचा संग्रह मुका आहे. यंत्रे आता बोललेले शब्द आपोआप लिहून काढू लागली आहेत. पण ती शिकली आहेत ती छापील मराठी. वसईत आल्यावर त्यांची गत परदेशी पाहुण्यासारखी होते.

कारण वसईचे खरे धन तिच्या बोलींत आहे. सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती यांची सामवेदी, जिला कादोडी असेही म्हणतात, वाडवळांची वाडवळी, कोळ्यांची कोळी बोली, तुंगारेश्वराच्या पायथ्याकडील वारल्यांची वारली. एका तालुक्यात, चारदोन कोसांच्या अंतराने, एकच वस्तू वेगवेगळ्या नावांनी ओळखली जाते. धर्म वेगळा आणि बोली एक, बोली वेगळी आणि धर्म एक, असे दोन्ही प्रकार येथे आहेत. त्यामुळे पोर्तुगीज अमलाच्या दोन शतकांत समाज कसा दुभंगला व कसा जोडलेला राहिला, याचा जिवंत पुरावा या बोलींत आहे. नभोवाणीने आपल्याला एक सुघड, सर्वांस समजेल अशी मराठी दिली, हे तिचे मोठे उपकार. परंतु त्या मराठीत वसईचा माणूस बोलू लागला की तो आपली बोली दारात काढून ठेवी, जशा वहाणा ठेवाव्यात. म्हणून आकाशवाणीचे सबंध दफ्तर उद्या खुले झाले तरी त्यात वसईचे कान सापडतील, वसईची जीभ क्वचित.

ती जीभ टिपण्याचे काम दुसऱ्यांनी आरंभिले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन गावोगावच्या माणसांची बोलणी मुद्रित केली व ती महाजालावर ऐकण्यास ठेवली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुणे जिल्ह्यापासून आरंभ करून महाराष्ट्रातील शेकडो गावांतून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ध्वनीसह प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे, गाव आहे, बहुधा छायाचित्रही आहे. लोकगीत ‘अनामिक’ असते हे आपण शाळेत शिकलो. येथे ती अनामिका नावानिशी समोर येऊन बसते. ध्वनींचे दफ्तर कसे असावे याचा याहून चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, नभोवाणीची गोडी तिच्या क्षणिकपणात होती. साऱ्या वाडीने एकाच वेळी एकच गाणे ऐकावे, ओटीवर चारचौघे जमावेत, आणि चुकले ते चुकल्याची हुरहूर राहावी, हे सुख मागेल तेव्हा मिळणाऱ्या ध्वनीत नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. एकट्याने, कानात तार घालून, विरारच्या गाडीत ऐकलेली श्रुतिका ही ओटीवरची श्रुतिका नव्हे. परंतु त्या ओटीचा अंत या सोयीने झालेला नाही. ओटी आधीच गेली होती. वाड्या जाऊन इमारती आल्या, आणि २००९ साली वसई-विरार ही महानगरपालिका झाली. प्रश्न आता असा आहे की ज्यांनी ती ओटी पाहिलीच नाही अशा नातवंडांस तिचा आवाज तरी ऐकू यावा की नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरच्या मेळाव्यात गायिलेले लग्नगीत अथवा विश्वासाने सांगितलेली हकीकत साऱ्या जगास खुली करावी काय? तेथे गाणारीची अनुज्ञा हीच कसोटी. तिने ‘नको’ म्हटले तर ते जपून ठेवावे, पण उघडू नये. दफ्तर खुले करणे म्हणजे घराची भिंत पाडणे नव्हे.

राहता राहिले आपले कर्तव्य. राजवाड्यांनी सरकारी दार उघडण्याची वाट पाहिली नाही. ते लोकांच्या माळ्यांवर चढले. वसईविरारच्या माळ्यांवर आजही चकत्यांच्या फितींची आणि कॅसेटांची खोकी आहेत. कोणी रेडिओवरचे नाटक टिपले असेल, कोणी आजीची गाणी, कोणी गावच्या चर्चमधील सणाचे गायन, कोणी लग्नातील बँड. कॅसेट वाजविणारी धड यंत्रे दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत, आणि त्यांवरचे आवाज ओळखणारी माणसे त्याहून वेगाने. ग्रंथालये, महाविद्यालये आणि धर्मग्रामांच्या संस्था यांनी एवढे केले तरी पुरे : खोकी गोळा करावीत, प्रत्येक फितीवर वृद्धांस विचारून नाव, गाव व साल लिहावे, एक प्रत काढून मूळ वस्तू घरधन्यास परत द्यावी. ऐकविण्याची सोय पुढे कोणीतरी करील. परंतु फितीवर नाव लिहावयाचे ते ज्याला ओळखू येते त्यानेच लिहिले पाहिजे, आणि तो यंदा जिवंत आहे.